प्राण्याचं नाव सगळ्यात शेवटी: झूमधल्या जुन्या फोटोंचं काम कुठल्या क्रमाने करायचं

दिवाळीची साफसफाई झाली की दरवर्षी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातून नाहीतर रावपुऱ्यातून कोणीतरी मला फोटो पाठवतं, पणजोबांच्या पेटीत सापडला, कमाटीबागेतल्या झूमधला चित्ता आहे बघ, भारतातला शेवटचा तर नसेल? आणि फोटो उघडावा तर कडा कापलेल्या, कुठल्याशा ॲपने पिवळाधम्मक रंग भरलेला, आणि मागची बाजू पाठवलेलीच नाही. मागे काय लिहिलंय विचारलं की उत्तर येतं, मागचा पुठ्ठा किडला होता म्हणून काढून टाकला. झालं. आता तो चित्ता कुठला आणि कधीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

नियत सगळ्यांची चांगली असते, क्रम चुकतो. लोक आधी प्राणी ओळखतात, मग फोटो पुसतात, मग स्कॅन करतात, आणि मागची बाजू आठवलीच तर आठवली. याच्या बरोब्बर उलटं करायचंय. खाली मी करतो तो क्रम दिलाय, घरातला एकच फोटो असो की पेटीभर, एवढं सगळं करायचंच.

१. पेटी उघडायच्या आधी

पावसाळ्यात उघडू नका. आपल्या बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि एकावर एक ठेवलेले फोटो एकमेकांना चिकटतात. नवरात्र संपल्यावर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम.

लागेल ते असं: मोठं रिकामं टेबल, त्यावर धुतलेली पांढरी चादर, कोरे कागद, एक नवा कोरा मऊ ब्रश (मेकअपचा चालतो पण वापरलेला नको), भिंग, पट्टी, २बी पेन्सिल, वही, फोन. पंखा बंद. चहा दुसऱ्या खोलीत, शेव-उसळ तर दुसऱ्या मजल्यावर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोटो कडेने धरा. निगेटिव्ह असतील तर डॉक्टरांचे असतात तसले रबरी हातमोजे घाला, कापडी नको, कापडात पकड बसत नाही आणि धागा अडकला की कोपरा फाटतो.

साफसफाई म्हणजे फक्त कोरड्या ब्रशने मधून बाहेर हलकी धूळ काढणे, बस. माझ्या आत्याकडचा एक हत्तीचा फोटो मी स्वतः ओल्या फडक्याने पुसला होता, बुरशी गेली आणि बुरशीबरोबर माहुताचं तोंडही गेलं, आत्या अजून ऐकवते. कोलीन, वेट टिश्यू, खोडरबर, हेअर ड्रायर, सेलोटेप, फेव्हिकॉल यातलं काहीही टेबलाच्या आसपास नको.

इशारा, आणि हा नीट वाचा. साधारण १९५० च्या सुमारापर्यंतच्या बऱ्याच फिल्म निगेटिव्ह नायट्रेटच्या असायच्या आणि नायट्रेट भयंकर पेट घेतं. निगेटिव्हच्या कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं असेल तर ती नायट्रेट नाही. तसं काही नसेल आणि वर फिल्म चिकट, तपकिरी किंवा भुकटी होत आलेली असेल तर ती बल्बसमोर धरायची नाही, गरम होणाऱ्या स्कॅनरवर ठेवायची नाही, माळ्यावर परत टाकायची नाही. उन्हापासून आणि गॅसपासून लांब, हवा लागेल अशी वेगळी ठेवा आणि एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समध्ये म्युझिऑलॉजी विभाग आहे तिथे जाऊन विचारा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती ॲसिटेट फिल्म सडतेय, तिला आग लागायची भीती नाही पण ती बाकीच्यांनाही सडवते, म्हणून तीही वेगळी.

२. जसं सापडलं तसं टिपून घ्या

अल्बममधून एकही फोटो काढायच्या आधी फोनने पानं ओळीने टिपा, रिकामी पानंसुद्धा. ओळ हाच पुरावा असतो. गेंड्याच्या फोटोवर काही लिहिलेलं नसतं पण त्याच्या आधीच्या पानावर हावड्याचा पूल असतो, मग गेंडा बहुतेक कलकत्त्याचा आणि आपण उगाच त्याला कमाटीबागेत शोधत बसतो.

मग एकेका फोटोची पुढची बाजू, मागची बाजू, चारही कडा. टॉर्च एका बाजूने आडवी धरून अजून एक टिपा, स्टुडिओचा कोरडा ठसा उमटवलेला असतो तो सरळ उजेडात दिसतच नाही. नंबर द्यायचा तो लिफाफ्यावर, फोटोवर नाही, आणि अगदी फोटोवरच लिहायची वेळ आली तर मागे, कडेला, पेन्सिलने, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो.

अडकलेले फोटो ओढू नका. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पानाखाली चिकटवायचे ते अल्बम आले होते ना, त्यातला फोटो दात साफ करायचा दोरा मागून हळू सरकवून कधीकधी सुटतो, नाही सुटला तर अख्खं पान स्कॅन करा आणि सोडून द्या. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच ठेवा.

मागचा मजकूर आपल्याकडे तीन-तीन भाषांत असतो, मराठी, गुजराती, इंग्रजी, आणि फार जुना असेल तर मोडी. मोडी येत नसेल तर अंदाज लावू नका, वाचणारा माणूस शोधा. आणि शब्दांचं जपून: गुजरातीत दीपडो म्हणजे बिबट्या, पण आमच्या घरात दीपडोचा चित्ता कधी झाला कोणाला कळलंच नाही. त्यात जुनी माणसं बिबट्यालाही वाघच म्हणायची. म्हणून मागे जे लिहिलंय ते अक्षरशः उतरवा, सुधारून नाही.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं तर उत्तर प्रश्नातच देऊ नका. “आजी, हा चित्ताच ना?” असं विचारलं की आजी हो म्हणणार, नातवाचं मन कशाला मोडा. “आजी, हा कोणी काढला? तेव्हा तू केवढी होतीस? पिंजरा कुठे होता?” असं विचारा, तिचे शब्द तिच्याच तोंडचे लिहा आणि विचारल्याची तारीख टाका. ऑस्ट्रेलियात होबार्टच्या झूमधला शेवटचा थायलसिन (पाठीवर पट्टे असलेला, आता नामशेष झालेला मांसाहारी प्राणी) ७ सप्टेंबर १९३६ ला मेला, त्याचं नाव बेंजामिन होतं असं जगभर छापून येतं, पण ते नाव आलं कुठून तर १९६८ मध्ये एका माणसाने सांगितलेल्या आठवणीतून. त्या काळच्या नोंदीत त्या नावाचा पत्ताच नाही. आठवण टाकून द्यायची नसते, पण तिच्यावर ‘आठवण’ अशी चिठ्ठी लावून ठेवायची असते.

तपासा: प्रत्येक फोटोची पुढची-मागची बाजू आणि अल्बममधली जागा नोंदली गेली? नसेल तर पुढे जाऊ नका.

३. स्कॅन

यात फार डोकं नाही. प्रिंट ६०० डीपीआय, पोस्टकार्डाहून लहान असेल तर १२००. १२० फिल्मची निगेटिव्ह २४०० आणि ३५ एमएमची ३२०० च्या पुढे. काळापांढरा असला तरी कलरमध्येच स्कॅन करा कारण कागदाचा पिवळेपणा, डाग, पेन्सिल, शाई हे सगळं रंगातूनच वेगळं कळतं. मूळ फाइल टिफमध्ये. ‘ऑटो करेक्शन’, ‘डस्ट रिमूव्हल’, ‘शार्पन’ सगळं बंद. डस्ट रिमूव्हल चित्त्याचे ठिपके धूळ समजून खातं, चेष्टा नाही करत.

कडा कापायच्या नाहीत. फोटोच्या चारी बाजूंना बोटभर स्कॅनरची काच दिसली पाहिजे. एका दुकानात मी वीस प्रिंट स्कॅनला दिल्या होत्या, त्याने आपणहून मशीनमध्ये नीट बसाव्यात म्हणून पांढऱ्या कडाच कापून दिल्या, आणि एका कडेवर आजोबांच्या अक्षरात तारीख होती. तेव्हापासून मी दुकानात देतच नाही.

कापल्याने काय होतं त्याचं मोठं उदाहरण पुन्हा थायलसिनचंच. १९२१ मध्ये छापलेला एक प्रसिद्ध फोटो आहे, हेन्री बरेल यांचा, थायलसिनच्या तोंडात कोंबडी. तो बघून लोकांची खात्री पटली की हा प्राणी कोंबडीचोरच. अख्खा फोटो समोर आला तेव्हा कळलं की छापताना कुंपण कापून टाकलं होतं, म्हणजे ते जंगल नव्हतंच, आणि एका अभ्यासिकेने तर बारकाईने बघून निष्कर्ष काढला की तो प्राणी पेंढा भरलेला आहे.

४. आधी फोटोचं वय काढा, प्राण्याचं नाही

आता भिंग घ्या. आधी पुठ्ठा बघा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण ६.५ × १० सेंमीचा छोटा फोटो असेल तर ती कार्त-द-व्हिझीत, हा प्रकार १८५४ नंतरचा. पुठ्ठा ११ × १६.५ सेंमीच्या आसपास असेल तर कॅबिनेट कार्ड, १८६६ नंतरचं. दोन्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. चौकोनी प्रिंट असेल तर १२० फिल्मवर ६ × ६ काढणारा कॅमेरा, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा ॲग्फा क्लिक थ्री, जो आपल्या बडोद्यातच बनायचा, त्यामुळे इथल्या घराघरांत होता. असा फोटो चुकूनही ‘संस्थानकाळातला’ म्हणून खपवू नका.

मग ठसे आणि शिक्के. यात बडोदेकरांचं नशीब चांगलं आहे कारण आपल्या गावाच्या नावानेच तारखा कळतात:

‘बरोडा स्टेट’ छापलं असेल तर कार्ड बहुतेक १ मे १९४९ च्या आधीचं, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. किंमत नव्या पैशात असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरची. पत्त्यात गुजरात राज्य असेल तर १ मे १९६० नंतरचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आणि इंग्रजीत बरोडाच्या ऐवजी वडोदरा असेल तर बहुधा १९७४ नंतरचं, पण हे उलटं लावू नका, बरोडा लिहिलेलं आजही दिसतं. तसंच संपलेल्या संस्थानाचं जुनं छापील सामान स्टुडिओवाले वर्षानुवर्षं वापरतात, फुकट कोण टाकतं.

मागे कमाटीबागेतल्या म्युझियमची इमारत दिसत असेल तर फोटो १८९४ नंतरचा, ती तेव्हा पुरी झाली. बाग आणि प्राणीसंग्रहालय १८७९ चं, त्यामुळे त्याच्या आधीचा ‘कमाटीबागेतला वाघ’ तर होऊच शकत नाही.

इशारा: हे सगळं प्रिंटचं वय आहे. निगेटिव्ह त्याहून वीस वर्षं जुनी असू शकते. पोस्टकार्डाचं तर विचारूच नका, पोस्टाचा शिक्का १९१० चा, फोटो १८९० चा आणि प्राणी मरून जमाना झालेला, असं सर्रास असतं. म्हणून वहीत ‘१९१०’ असं नका लिहू, ‘शिक्का १९१०, फोटो त्याआधीचा’ असं लिहा.

५. जागा, आणि प्राणी जिवंत आहे का

हसू नका, हा प्रश्न रोज येतो. आपल्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले प्राणी आहेत आणि त्यांचेही फोटो लोकांनी हौसेने काढलेत. चारही पाय एकाच लाकडी फळीवर, पायाखाली खरी सावली नाही, डोळ्यात दिव्याचं एकसारखं टिंब, पोटाखाली शिवण, मागे रंगवलेला पडदा, यातलं काही दिसलं की शंका घ्या. उलट शेपटी किंवा कान हललेले, धूसर आलेले असतील तर जनावर जिवंत होतं. जुन्या काचेच्या ओल्या प्लेटला कितीतरी सेकंद लागायचे, म्हणून त्या काळातले सिंह नेहमी झोपलेलेच सापडतात.

सगळे पिंजरे झूचे नसतात. संस्थानिकांच्या शिकारखान्यात जनावरं होती, सर्कशी यायच्या, रस्त्यावर अस्वलवाले यायचे. गजांचा आकार, कुलूप, पाटी, मागची झाडं, रखवालदाराचा फेटा नाहीतर टोपी, सगळं बघा. पाटीवरची अक्षरं भिंगाखाली घ्या, वाचता नाही आली तरी कुठल्या लिपीतली आहेत ते कळतं आणि अर्धं काम तिथेच होतं.

इथेच फोटो उलटा छापलाय का तेही बघून घ्या. पाटीची अक्षरं आणि कोटाची बटणं यावरून कळतं. निगेटिव्ह हातात असेल तर कडेची छापील अक्षरं सरळ वाचता येतील अशी धरा, मग चित्र सरळ असतं. ही कटकट यासाठी की वाघाचे पट्टे डाव्या-उजव्या कुशीवर वेगळे असतात. दोन फोटोंतला वाघ एकच आहे का हे पट्ट्यांवरूनच ठरवायचं असतं आणि एक फोटो उलटा असला की सगळं मुसळ केरात.

६. आता प्राणी

वहीत तीन रकाने पाडा: काय दिसतंय, काय लिहिलंय, मला काय वाटतं. तिसरा रकाना पेन्सिलने.

पहिली गोष्ट, करड्या छटांवर विश्वास ठेवू नका. जुन्या प्लेटांना फक्त निळा उजेड नीट दिसायचा, पिवळा-तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा पडायचा. त्यामुळे भगवा वाघ काळपट येतो, पट्टे अंगात बुडून जातात आणि घरचे म्हणतात काळा वाघ होता आमच्या दरबारात. तांबडा दिसणारी प्लेट विसाव्या शतकात आली आणि सरसकट वापरात यायला अजून वेळ लागला. रंगीत जुनी पोस्टकार्डं हाताने रंगवलेली असायची, रंगवणाऱ्याने जनावर बघितलेलंही नसायचं.

गेंडा: एक शिंग म्हणजे भारतीय, ही सगळ्यात मोठी चूक. जावा गेंड्यालाही एकच शिंग असतं आणि त्याच्या मादीला तर बरेचदा नसतंच. शिंग सोडा, घडी बघा. खांद्यापुढची कातड्याची घडी पाठीवरून आरपार पलीकडे गेली असेल तर जावा गेंडा, भारतीय गेंड्यात ती मागे वळून विरते. आणि आपणच चुकतो असं नाही, ॲडलेडच्या झूमध्ये जगातला पिंजऱ्यातला शेवटचा जावा गेंडा वीसेक वर्षं भारतीय गेंडा म्हणून दाखवत होते, तो १९०७ मध्ये मेला. दोन शिंगं आणि अंगावर केस असतील तर सुमात्रा गेंडा, आणि तोही भारतातल्या झूमध्ये अशक्य नाही, कलकत्त्याला १८८९ मध्ये त्याचं पिल्लू जन्माला आलं होतं.

चित्ता: डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ आणि भरीव ठिपके, तर चित्ता. ठिपक्यांच्या जागी मधे पोकळ अशी फुलं, तर बिबट्या. फोटोत कमरेला दोरी आणि डोळ्यांवर टोपी असेल तर शिकारी चित्ता. इथवर सोपं. पण तो भारतीयच होता हे मात्र यावरून ठरत नाही. १९१८ नंतर संस्थानिकांनी, त्यात कोल्हापूर आणि भावनगर पुढे, आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली कारण इथले मिळेनासे झाले होते. म्हणजे चौथ्या पायरीत फोटो १९३० चा निघाला तर चित्ता बहुतेक बोटीने आलेला. आता कळलं ना वय आधी का काढायला सांगितलं?

सिंह: पोटाखाली लांबलचक लोंबती घडी आणि आयाळीतून दिसणारे कान ही गीरच्या सिंहाची खूण, पण पिंजऱ्यातल्या सिंहाची आयाळ हवामानाने आणि खाण्याने बदलते. त्यात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणून श्योपूरकडे जंगलात सोडले होते, सर्कशीतले सिंह तर कुठूनही यायचे. ‘सिंह’ एवढंच लिहिणं हा कमीपणा नाही.

पांढरा वाघ: झूमधला असेल तर बहुतेक वेळा रीवाच्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाचा वंश, मोहन १९५१ मध्ये पकडला आणि त्याची पांढरी पिल्लं पहिल्यांदा १९५८ मध्ये झाली. फोटो त्याच्या आधीचा निघत असेल तर उड्या मारायच्या आधी चौथी पायरी परत करा. नुसता जास्त उजेडात काढलेला साधा वाघही पांढरा दिसतो.

तपासा: हा फोटो छापील तर नाही? भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातलं किंवा पोस्टकार्डावरचं चित्र आहे, तुमच्या पणजोबांनी काढलेलं नाही. क्वागाच्या (झेब्र्याचा नामशेष झालेला भाऊबंद) जिवंत जनावराचे जगात फक्त पाच फोटो माहीत आहेत, सगळे लंडनच्या झूमधल्या एकाच घोडीचे, १८६३ ते १८७० मधले. म्हणजे घरात क्वागा सापडला तर तो त्या पाचातल्या कशाची तरी नक्कल आहे का हे आधी बघायचं, सहावा म्हणून पेपरवाल्याला फोन नंतर.

७. फाइल आणि फोटो ठेवणं

फाइलच्या नावात प्राणी घालू नका, तो उद्या बदलेल. घराचं छोटं नाव, अल्बम, पान, नंबर, पुढे-मागे, असं ठेवा, म्हणजे ‘जोशी_अ२_पान०७_०३_मागे’. प्राण्याचा अंदाज वहीत आणि शीटमध्ये. रंग भरायचा असेल तर भरा, मी पोरांना नाही म्हणत नाही, पण वेगळ्या फाइलवर आणि नावात ‘रंगवलेला’ लिहून, नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी त्याच रंगावरून जात ठरवेल. व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अर्धी बारकाई तिथेच संपते. प्रती दोन, त्यातली एक दुसऱ्या घरात.

फोटो हातात आहे म्हणजे हक्क आपला असं नसतं, तो बहुधा काढणाऱ्याचा असतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, आधीच्या फोटोंचा हिशोब वेगळा होता. छापायचा असेल तर स्टुडिओचं नाव जिथे दिसतं तिथे तरी द्या.

मूळ फोटो एकेक साध्या कागदी लिफाफ्यात, आम्लरहित कागद मिळाला तर फारच छान. वास येणारं प्लॅस्टिक नको, रबरबँड नको, स्टीलची पिन तर नकोच. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको, आणि तळाचा खण तर अजिबात नको, विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं की मगरीच्या आधी ते तळाच्याच खणात पोचतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या असतील तर जूनमध्ये बदला.